तान्ह्या बाळाला झिंक: जुलाबात किती, किती दिवस, आणि वाढीसाठी द्यावं का?

गोळी_चमचा (धागाकर्ती)

जुलाब लागलेल्या बाळाला ओआरएसबरोबर झिंक द्यायचं, एवढं आता बहुतेक पालकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो त्यापुढे. शी घट्ट झाली की तिसऱ्या दिवशी औषध बंद होतं. बाटलीवरचा मोठा आकडा हीच मात्रा असं समजलं जातं. आणि उरलेलं सिरप 'उंचीसाठी' महिनोन्‌महिने चालू राहतं. या तिन्ही गोष्टी एकदा नीट लिहून काढाव्यात म्हणून हा धागा. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

सुरुवात मी करते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००४ च्या संयुक्त निवेदनात मात्रा अशी आहे: ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिग्रॅ, ६ महिन्यांपुढे रोज २० मिग्रॅ, दिवसातून एकदा, १० ते १४ दिवस. सोबत कमी ऑस्मोलॅरिटीचं (मीठ आणि साखर कमी असलेलं) ओआरएस, आणि आईचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा.

विरघळणारी २० मिग्रॅची गोळी द्यायची रीत: गोळी चमच्यात ठेवायची, लहान बाळाला अर्धीच. त्यावर साधारण ५ मिली पिळून काढलेलं आईचं दूध घालायचं. ६ महिन्यांपुढच्या बाळाला उकळून गार केलेलं पाणी चालतं. गोळी कुटायची गरज नाही, मिनिटाभरात आपोआप विरते. बाळाला थोडं उठतं धरून गालाच्या आतल्या बाजूला थेंबाथेंबाने सोडायचं. चमचा रिकामा झाला तरी तळाशी साका चिकटलेला असतो, तोही मात्रेचाच भाग आहे. म्हणून त्याच चमच्यात पुन्हा थोडं दूध घालून तेही पाजायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मात्रा एकदा परत द्यायची. अर्धा तास उलटून गेल्यावर झाली तर परत देऊ नये.

गोळी ओआरएसच्या भांड्यात टाकू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस द्यायचं असतं, म्हणजे दिवसभरात किती पोटात जाईल ते आधी सांगता येत नाही. भांड्यात अर्धं ओआरएस उरलं की अर्धं झिंकही तिथेच उरतं.

मात्रामापक

धागा चांगला काढलात. आकड्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो: वर दिलेले १० आणि २० मिग्रॅ हे *शुद्ध झिंकचे* आकडे आहेत, झिंकच्या क्षाराचे (झिंक ज्या संयुगाच्या रूपात औषधात असतं त्याचे) नाहीत.

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये शुद्ध झिंक वजनाच्या सुमारे २३ टक्के असतं. २० मिग्रॅ झिंक हवं असेल तर हा क्षार ८८ मिग्रॅच्या आसपास लागतो. मोनोहायड्रेट असेल तर झिंक सुमारे ३६ टक्के, म्हणजे ५५ मिग्रॅ क्षार पुरतो. ग्लुकोनेटमध्ये सुमारे १४ टक्के. ॲसिटेटमध्ये सुमारे ३० टक्के. वेष्टनावर कधी क्षाराचं वजन मोठ्या अक्षरात असतं आणि 'समतुल्य झिंक' हे शब्द खाली बारीक अक्षरात. मात्रा नेहमी त्या बारीक ओळीवरून धरायची. '५० मिग्रॅ झिंक ग्लुकोनेट' म्हणजे जेमतेम ७ मिग्रॅ झिंक. उलट दिशेची चूक जास्त वाईट: चिठ्ठीवर '२० मिग्रॅ झिंक' असताना कुणी क्षाराचा आकडा २० असलेली बाटली उचलली, तर बाळाला चौथा हिस्साही मिळत नाही आणि पालकांना वाटतं औषध लागू पडलं नाही.

सिरपच्या बाबतीत दुसरा प्रश्न विचारायचा: हे २० मिग्रॅ किती मिलीमध्ये? ५ मिलीत २० मिग्रॅ आणि ५ मिलीत १० मिग्रॅ अशी दोन्ही प्रकारची सिरपं असतात. थेंबांचं औषध आणखी दाट असू शकतं, तिथे हिशोब १ मिलीवर असतो. बाटली बदलली की मिलीचा आकडा नव्याने काढायचा. 'मागच्या वेळी एक चमचा दिलं होतं' हा हिशोब झाला नाही. आणि घरातला चमचा ५ मिलीचा असेलच असं नाही, म्हणून सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. १ मिलीचा फरक बाळाच्या बाबतीत लहान नसतो.

शंका_कुशंका

मात्रामापक, एक अडचण. पोषणाच्या तक्त्यात ७ ते १२ महिन्यांच्या बाळाची झिंकची रोजची गरज ३ मिग्रॅ आणि वरची मर्यादा ५ मिग्रॅ दिलेली असते. मग २० मिग्रॅ म्हणजे मर्यादेच्या चौपट. हे चालतं कसं?

मात्रामापक

प्रश्न रास्त आहे, आणि याच्या उत्तरातच 'महिनोन्‌महिने चालू ठेवावं का' याचंही उत्तर आहे.

वरची मर्यादा (० ते ६ महिने ४ मिग्रॅ, ७ ते १२ महिने ५ मिग्रॅ) ही निरोगी बाळाने रोज, दीर्घकाळ घ्यायच्या प्रमाणासाठी आहे. जुलाबात शीवाटे झिंक वाहून जातं, आतड्याचं अस्तर सोललेलं असतं आणि तोंडाने घेतलेल्यापैकी थोडंच शोषलं जातं. दोन आठवड्यांचा उपचार ती तूट भरून काढतो आणि थांबतो. तीच मात्रा सहा महिने दिली तर तो उपचार उरत नाही. तेव्हा मर्यादेचा आकडा लागू होतो, आणि तांब्याची कमतरता हा खरा धोका समोर येतो.

ताम्रपट

तांब्याचं मी सांगतो.

झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरतं. आतड्याच्या पेशी काही दिवसांत झडून शीवाटे जातात, त्यांच्याबरोबर ते तांबंही जातं, शरीरात पोचतच नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की लोह देऊनही न सुधारणारा पंडुरोग (रक्ताल्पता) आणि पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल्सची घट दिसू लागते. रक्ताल्पता आहे म्हणून लोह वाढवलं जातं आणि मूळ कारण, म्हणजे चालू असलेलं झिंकचं सिरप, कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून डॉक्टरांना बाळाची औषधं सांगताना 'टॉनिक' म्हणून चालू असलेल्या बाटल्याही सांगा. पालकांच्या लेखी त्या औषधांत मोडत नाहीत, त्यामुळे नेमक्या त्याच सांगायच्या राहतात.

दोन आठवड्यांच्या उपचाराने हे होत नाही. तेवढ्यासाठी घाबरून मध्येच बंद करू नका.

जिना_तिसरा

शी थांबली तरी १४ दिवस का, हे कुणी नीट सांगेल का? पालकांना पटवताना इथेच गाडी अडते.

आतड्याचा_अभ्यास

प्रयत्न करतो.

लोहाचा साठा शरीरात असतो, गरज पडली की तो वापरता येतो. झिंकचा असा साठा नसतो. ते स्नायू, हाडं, त्वचा अशा चालू कामात गुंतलेलं असतं. शेकडो विकरांना (एन्झाइमांना) ते लागतं, आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींना सगळ्यात आधी त्याचा तुटवडा जाणवतो. आतड्याचं अस्तर आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी या नेमक्या तशाच. जुलाबाच्या दिवसांत झिंक वाहून जातं, अस्तराची डागडुजी रखडते, रखडलेल्या अस्तरातून पुढचे जुलाब सोपे होतात. कुपोषित मुलांमध्ये हे चक्र ठळक दिसतं.

पहिल्या काही दिवसांत झिंक पेशींतून क्लोराइड आणि त्यामागून पाणी बाहेर पडणं कमी करतं, म्हणून शी लवकर आवरते. पण अस्तर भरून येणं आणि तूट भरणं ही पुढच्या दिवसांची कामं आहेत. २००४ च्या निवेदनात पूर्ण उपचारानंतरच्या २ ते ३ महिन्यांत जुलाब कमी होतात असं म्हटलं आहे. तिसऱ्या दिवशी थांबवलं तर हा पुढचा भाग हातचा जातो.

बांगलादेशातल्या मतलब इथला प्रयोग (२००२ मध्ये प्रसिद्ध) इथे सांगण्यासारखा आहे. काही गटांत जुलाबाच्या प्रत्येक वेळी ओआरएसबरोबर २० मिग्रॅ झिंक १४ दिवस दिलं, उरलेल्यांत फक्त ओआरएस. झिंकच्या गटात अपघात सोडून इतर कारणांनी होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शिवाय विनाकारण दिली जाणारी प्रतिजैविकं कमी झाली, कारण घरच्यांच्या हातात आता द्यायला काहीतरी होतं. हा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

पालकांना एवढं सांगून पाहा: ओआरएस आजचे जुलाब निभावतं, झिंक पुढच्या जुलाबांची तयारी करतं. आणि गोळ्यांच्या पाकिटावर तारखा लिहून द्या. चौदा खणांवर चौदा तारखा असल्या की मधला खण रिकामा राहिला तर लगेच दिसतो.

दोन_थेंब

५ महिन्यांचं बाळ, फक्त आईच्या दुधावर, झिंक दिलं की उलटी. परत दिलं की परत उलटी. अशा वेळी काय करावं?

गोळी_चमचा (धागाकर्ती)

आधी साध्या गोष्टी बघा. रिकाम्या पोटी दिलं जातंय का? दूध पाजून झाल्यावर लगेच नाही, आधीही नाही, मधल्या वेळेत द्या. ५ मिली एका दमात घशात सोडलं तर कुठलंही बाळ ओकतं, तेव्हा पाच मिनिटांत वाटून द्या. चव धातूसारखी तुरट असते, म्हणून आईच्या दुधातच विरवा. पण एका मात्रेत दोनदा उलटी झाली तर तिसऱ्यांदा कोंबू नका. त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना कळवा. उलटी दर वेळी झिंकमुळेच असते असंही नाही, आजारामुळेही असते.

पुरावा_दाखवा

दोन_थेंब, तुमच्या प्रश्नाला दोन पदर आहेत.

पहिला उलटीचा. भारत आणि टांझानियात ६ ते ५९ महिन्यांच्या ४५०० मुलांवर ५, १० आणि २० मिग्रॅ अशा तीन मात्रा ताडून पाहिल्या गेल्या (२०२० मध्ये प्रसिद्ध). जुलाब ५ दिवसांपेक्षा जास्त लांबण्याचं प्रमाण २० मिग्रॅमध्ये ६.५ टक्के, १० मध्ये ७.७ आणि ५ मध्ये ७.२. म्हणजे कमी मात्रा मागे पडली नाही. औषध दिल्यावर अर्ध्या तासात उलटी मात्र २० मिग्रॅला १९.३ टक्के, १० ला १५.६ आणि ५ ला १३.७. तेव्हा डॉक्टरांनी २० ऐवजी १० किंवा ५ लिहिलं तर ते 'अर्धवट' लिहिलेलं नाही, त्यामागे हा पुरावा आहे. पण मात्रा आपणहून कमी-जास्त करू नये, लिहिलेली पाळावी.

दुसरा पदर वयाचा, आणि तो फारसा बोलला जात नाही. सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तर ६ महिन्यांपुढच्या मुलांत झिंकमुळे जुलाबाचा काळ सरासरी अर्धा दिवस कमी होतो, कुपोषित मुलांत दिवसाभराहून जास्त. ६ महिन्यांच्या आत मात्र हा फायदा दिसलेला नाही. त्यामुळे ५ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या, बऱ्या वजनाच्या बाळात झिंकची मात्रा उलटून गेली तर तेवढ्याने घाबरण्यासारखं काही नाही. त्या वयात जीव वाचवतात ते आईचं दूध आणि ओआरएस. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, डोळे खोल गेले असतील, शीत रक्त असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर झिंकचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठा. २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर यांतल्या कशाचीही वाट न पाहता.

जिना_तिसरा

पुरावा_दाखवा, पण मग ६ महिन्यांच्या आत द्यावंच का?

पुरावा_दाखवा

संयुक्त निवेदनात आहे, आणि कमी वजनाच्या किंवा बरोबरच कुपोषण असलेल्या बाळात द्यायला तर्क आहे. माझा कल असा: डॉक्टरांनी लिहिलं असेल तर १० मिग्रॅ द्या, पण त्यासाठी अंगावरचं पाजणं एका वेळेनेही कमी होता कामा नये.

दुधाचं_गणित

या वयात अंगावरचं दूध पुरेसं का, त्याचा हिशोब मांडते. कारण 'आईच्या दुधात झिंक कमी असतं' हे अर्धं वाक्य फार फिरतं.

चिकात झिंक भरपूर असतं. मग ते भराभर उतरतं: दुसऱ्या आठवड्यात लिटरमागे सुमारे ४ मिग्रॅ, महिन्याला ३, दोन महिन्यांना २, तीन महिन्यांना दीड, सहा महिन्यांना १.२ च्या आसपास. ही उतरण नैसर्गिक आहे. आईने झिंकच्या गोळ्या घेतल्या तरी दुधातलं प्रमाण फारसं हलत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिले सहा महिने हे पुरतं, कारण आईच्या दुधातलं झिंक चांगलं शोषलं जातं आणि जन्मतः यकृतात थोडं सोबत आलेलं असतं.

सहा महिन्यांनंतर गणित बदलतं. रोज ७०० मिली दूध धरलं तर त्यातून ०.८ मिग्रॅ मिळतं. गरज ३ मिग्रॅची. म्हणजे २ मिग्रॅहून जास्त वरच्या अन्नातून यायला हवं, आणि पातळ पेज-पाण्यातून ते येत नाही. शिजलेल्या लाल मांसात १०० ग्रॅमला ४ ते ६ मिग्रॅ झिंक असतं आणि ते चांगलं शोषलं जातं. शिजलेल्या कडधान्यांत १ मिग्रॅच्या थोडं वर, तेही फायटेटच्या (धान्य-कडधान्यांतल्या, झिंकला बांधून ठेवणाऱ्या घटकाच्या) पकडीत.

फायटेटची पकड मोजता येते. अन्नातलं फायटेट (मिग्रॅ) भागिले ६६०, झिंक (मिग्रॅ) भागिले ६५.४, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. उत्तर १५ च्या वर गेलं तर शोषण कमी. ५ ते १५ मध्ये मध्यम. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं यांनी धान्यातलंच फायटेज विकर जागं होतं आणि फायटेट तोडतं. नुसतं दळून शिजवलं तर ते काम होत नाही, उष्णतेने विकर आधीच निकामी होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी भिजवा, मोड आणा, मग वाळवून दळा, मग शिजवा. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

उंची_मोजणारी

आता वाढीबद्दल. धाग्याच्या शीर्षकातला तिसरा प्रश्न अजून कुणी घेतला नाही.

झिंक नसेल तर वाढ थांबते, हे पक्कं आहे. १९६१ मध्ये डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या शिराझ भागातल्या खुरटलेल्या तरुणांबद्दल लिहिलं. एकविशीतला तरुण दहा वर्षांच्या मुलासारखा दिसत होता. आहार जवळजवळ सगळा न आंबवलेल्या पोळ्यांचा, वर माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये तशाच तरुणांत झिंकची कमतरता सिद्ध झाली आणि झिंक दिल्यावर ते वाढले. तोवर माणसात झिंकची कमतरता होऊ शकते हेच मानलं जात नव्हतं.

यातून लोक निष्कर्ष काढतात की झिंक दिलं की उंची वाढते. तो तसा निघत नाही. झिंक हा असा घटक आहे की तो कमी पडला तर शरीर वाढच थांबवतं आणि उरलेलं झिंक कामापुरतं जपतं. प्रथिनं, पोटॅशियम, मॅग्नेशियम हेही त्याच जातीचे. यांतलं एक कमी असेल तर ते दिल्यावर वाढ सुरू होते. पण बहुतेक खुरटलेल्या बाळांत दोन-तीन घटक एकाच वेळी कमी असतात, जोडीला वारंवारचे जंतुसंसर्ग. तिथे एकटं झिंक फार ओढू शकत नाही.

किती ओढतं? विकसनशील देशांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रयोग एकत्र करून २०११ मध्ये आकडा निघाला: रोज १० मिग्रॅ, २४ आठवडे दिल्यावर उंचीत सरासरी ०.३७ सेंमी अधिक. समाजाच्या पातळीवर हा आकडा महत्त्वाचा आहे. एका बाळाच्या तक्त्यावर तो दिसणारच नाही. ६ ते १२ महिन्यांत मुलगा ६७.६ वरून ७५.७ सेंमीवर जातो (मध्यमान), म्हणजे ८ सेंमी. आणि बाळ चुळबुळ करत असताना एकट्याने घेतलेल्या मापात अर्ध्या सेंमीची चूक सहज होते.

म्हणून 'सिरपने उंची वाढली' म्हणण्याआधी माप कसं घेतलं ते विचारा. दोन वर्षांखाली बाळ *झोपवून* लांबी मोजतात. उभं केलं तर माप सुमारे ०.७ सेंमी कमी येतं. लंगोट आणि केसांतल्या वस्तू काढा. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून नजर सरळ वर धरायची, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून तळपाय खालच्या फळीला सपाट लावायचे. ०.१ सेंमीपर्यंत वाचायचं. दोन मापांत ०.७ सेंमीहून जास्त फरक आला तर दोन्ही टाकून पुन्हा घ्यायची. हे न करता काढलेली रेष तक्त्यावर नागमोडी जाते आणि त्या नागमोडीवर औषधं सुरू होतात, बंद होतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण खरंच खुंटलेलं बाळ त्याच गोंधळात हातचं सुटतं.

पुरावा_दाखवा

उंची_मोजणारी यांच्या म्हणण्याला जोड. बुर्किना फासोमध्ये ९ महिन्यांच्या पुढच्या बाळांना रोज थोडं स्निग्ध पोषणमिश्रण दिलं, त्यात झिंक कुठे शून्य, कुठे ५, कुठे १० मिग्रॅ. जुलाब आणि मलेरियाचा उपचारही केला. काहीच न मिळालेल्या गटापेक्षा या सगळ्यांची वाढ चांगली झाली, पण झिंकच्या प्रमाणाने आपसांत फरक पडला नाही. अशी मिश्रणं देऊन झालेले १४ प्रयोग, ३७ हजारांहून अधिक मुलं, एकत्र पाहिली तर खुरटण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी झालं. त्या मिश्रणांत झिंक असतं, पण स्निग्धांश, प्रथिनं आणि इतर सूक्ष्मपोषकांसोबत.

शंका_कुशंका

मग रक्तातलं झिंक तपासून ठरवलं तर? कमी असेल तर द्यायचं.

नळी_आणि_सुई

ही तपासणी एकट्या बाळासाठी भरवशाची नाही.

रक्तद्रवातलं झिंक म्हणजे शरीरातल्या एकूण झिंकचा अगदी लहान अंश. ताप किंवा जंतुसंसर्ग असला की झिंक यकृतात ओढलं जातं आणि आकडा कमतरता नसतानाही खाली येतो. म्हणजे जुलाब चालू असताना काढलेलं झिंक हमखास कमी दिसणार. सीआरपी (जंतुसंसर्ग किंवा दाह दाखवणारी रक्तचाचणी) सोबत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. दिवसाची वेळही मोजावी लागते: १० वर्षांखालच्या मुलांत सकाळी ६५ आणि दुपारनंतर ५७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या खालच्या सीमा धरतात.

उलट बाजूने, आकडा खोटा वरही जातो. नळीच्या रबरी बुचातून झिंक उतरतं. बाळाच्या टाचेतून पिळून रक्त काढलं तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं झिंक द्रवात मिसळतं. सूक्ष्म धातूंसाठीची खास नळी हवी, शिरेतून रक्त हवं, द्रव लवकर वेगळा करायला हवा. एवढं सांभाळूनही आकडा सामान्य आला आणि बाळाचं दृश्य कमतरतेचं असलं, तर मी दृश्यावर विश्वास ठेवेन. अल्कलाइन फॉस्फेटेज अपेक्षेपेक्षा खाली असणं हा आणखी एक इशारा, कारण त्या विकरालाच झिंक लागतं.

दोन_थेंब

दृश्य म्हणजे काय बघायचं?

त्वचा_बोलते

तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांच्या टोकांना लाल, सोललेले, कडा ठळक असलेले चट्टे. तोंडाभोवतीचा चट्टा बहुतेकदा घोड्याच्या नालेसारखा, वरचा ओठ सुटलेला. नखांच्या कडा सुजलेल्या. केस विरळ. बाळ किरकिरं, जुलाब, वजन थांबलेलं. लंगोटाच्या जागी बुरशी समजून आठवडेच्या आठवडे मलम लावलं जातं. बुरशीच्या मलमाने न हटणारा लंगोटाचा चट्टा आणि त्याच वेळी तोंडाभोवतीही चट्टा, ही जोडी दिसली की झिंकचा विचार करायलाच हवा.

यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. एक, ॲक्रोडर्माटायटिस एंटेरोपॅथिका: बाळाच्या आतड्यातला झिंक ओढणारा वाहकच सदोष असतो. आईचं दूध सुटलं की लक्षणं येतात, आणि रोज किलोमागे सुमारे ३ मिग्रॅ झिंक आयुष्यभर घ्यावं लागतं. दुसरं, दोष आईच्या दुधग्रंथीत: तिथून दुधात झिंक उतरतच नाही, त्यामुळे अंगावर पीत असतानाच लक्षणं येतात. इथे आईला गोळ्या देऊन काही होत नाही, झिंक बाळालाच द्यायचं. वरचं अन्न स्थिरावलं की ते थांबवता येतं. दूध तोडायची गरज नाही, हे ठळक अक्षरात वाचा.

काचपेटी

कमी दिवसांच्या बाळांबद्दल थोडक्यात. पोटातल्या शेवटच्या तिमाहीत आईकडून बाळाला झिंकचा मोठा वाटा मिळतो, तो यांना मिळालेला नसतो. वाढीचा वेग मात्र जास्त. म्हणून इथे हिशोब वजनावर: युरोपातल्या बालपोषण संस्थेच्या २०२२ च्या शिफारशीत रोज किलोमागे २ ते ३ मिग्रॅ आहे. दुधात घालायची पोषणपूड चालू असेल तर तिच्यातलं झिंक आधी मोजा, नाहीतर दुप्पट होतं. आतड्याचं तोंड शस्त्रक्रियेने पोटावर काढलेलं असेल तर तिथून झिंक बरंच वाहतं, त्या बाळांत वजन थांबलं की सोडियमबरोबर झिंकही आठवा.

तीव्र कुपोषणासाठी एफ-७५, एफ-१०० (कुपोषणावरची उपचारी दुधं) किंवा वापरायला तयार पोषणआहार चालू असेल तर वेगळं झिंक लागत नाही, त्यात ते घातलेलंच असतं. जुलाब लागले तरीही.

शंका_कुशंका

शेवटचं. लोहाचे थेंब चालू असताना झिंकचे १४ दिवस आले तर? आणि मध्ये एक दिवस राहिला तर?

ताम्रपट

लोह आणि झिंक दोन्ही द्रवरूपात, रिकाम्या पोटी, एकत्र गेलं तर लोह झिंकचं शोषण कमी करतं. अन्नासोबत हा परिणाम फारसा राहत नाही. सोपी वाटणी: लोह सकाळी, झिंक संध्याकाळी.

गोळी_चमचा (धागाकर्ती)

राहिलेला दिवस आठवताच द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. उपचार चालू असताना जुलाब परत वाढले तर तोच उपचार पुढे चालू ठेवा. संपून गेल्यावर नव्याने लागले तर नवा उपचार, पहिल्या दिवसापासून. १४ दिवस उलटून जुलाब चालूच असतील तर ते वेगळं दुखणं आहे, घरी नवं पाकीट उघडू नका.

लहान बाळाला अर्धी गोळी देत असाल तर उरलेली अर्धी त्याच खणात, पत्रा दुमडून, कोरड्या डबीत ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी वापरा. या गोळ्या ओल पटकन ओढतात. खण उघडल्यावर कड भुसभुशीत झाली असेल किंवा रंग बदलला असेल तर ती अर्धी टाकून नवी घ्या.